बंद स्विच आणि वाढता आकडा: अ‍ॅपच्या नेटवर्क परवानगीचा एक प्रकरण अभ्यास

तक्रार

अँड्रॉइडच्या मुक्त स्रोत कोडवर उभी असलेली एक मोबाईल ऑपरेटिंग सिस्टिम आमचा छोटा स्वयंसेवी गट सांभाळतो. तिच्यातील सेटिंग्ज, परवानग्या आणि नेटवर्क या भागांची देखभाल माझ्याकडे आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये नसलेली एक सोय आम्ही बऱ्याच आवृत्त्यांपासून देत आलो आहोत. प्रत्येक अ‍ॅपच्या डेटा वापराच्या पानावर ‘नेटवर्क वापरू द्या’ असा स्विच असतो. तो बंद केला की त्या अ‍ॅपने मोबाईल डेटा, वाय-फाय किंवा व्हीपीएन यांपैकी कोणत्याही वाटेने बाहेर जाऊ नये, असे आमचे वापरकर्त्याला दिलेले वचन आहे. आम्ही मूळ कोडच्या नव्या आवृत्तीवर आलो आणि त्यानंतर काही आठवड्यांनी एका वापरकर्त्याने या पानाची दोन चित्रे पाठवली. दोन्हींत स्विच बंद होता. मात्र त्याच पानावरचा डेटा वापराचा आकडा पहिल्या चित्रापेक्षा दुसऱ्या चित्रात मोठा होता. अ‍ॅप कागदपत्रे वाचण्याचे होते, आणि त्याला नेटवर्क द्यायचे नाही हा त्या व्यक्तीने विचार करून घेतलेला निर्णय होता.

माझे पहिले उत्तर चुकले. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपच्या डेटा वापराची नोंद क्षणाक्षणाला ठेवत नाही. ती साधारणपणे दोन-दोन तासांच्या टप्प्यांत गोळा होते आणि साठवणुकीत काही वेळाने लिहिली जाते. त्यामुळे स्विच बंद करण्याआधीचा वापर नंतरच्या आकड्यात दिसू शकतो, असे मी कळवले. हे स्पष्टीकरण एरवी खरे असले तरी इथे लागू नव्हते. अ‍ॅप बसवल्याबरोबर, ते एकदाही उघडण्यापूर्वी स्विच बंद केला होता, असे उत्तर आले. आणि मूळ तक्रार पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की ही गोष्ट तिच्यात पहिल्यापासून लिहिलेली होती. ओळखीचे कारण हाताशी असल्यामुळे मी तक्रार पूर्ण वाचली नव्हती. यात चार दिवस गेले, आणि तेवढे दिवस त्या अ‍ॅपची वाट मोकळीच राहिली.

स्विचच्या मागची रचना

पुढचे समजण्यासाठी अँड्रॉइडमध्ये एखाद्या अ‍ॅपला नेटवर्क कसे मिळते हे थोडे विस्ताराने पाहावे लागेल. नेटवर्कसाठी ‘इंटरनेट’ याच नावाची परवानगी आहे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६.० पासून कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्क यांसारख्या परवानग्या अ‍ॅप चालू असताना विचारल्या जाऊ लागल्या आणि त्या हवे तेव्हा काढून घेता येऊ लागल्या. इंटरनेटची परवानगी मात्र ‘सामान्य’ वर्गातच राहिली. अ‍ॅपने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहिती-फाइलमध्ये, ती मागितली की बसवतानाच मिळते; वापरकर्त्याला कोणी विचारत नाही आणि मूळ अँड्रॉइडमध्ये ती परत घेण्याची सोयही नाही.

कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, अ‍ॅपचे नाव माहीत नसते, त्याला अ‍ॅपचा क्रमांक, म्हणजे यूआयडी, माहीत असतो. सामान्य अ‍ॅपचे क्रमांक १०००० पासून सुरू होतात. एकाच फोनवर दुसरे प्रोफाइल असेल तर त्या प्रोफाइलच्या क्रमांकाला १००००० ने गुणून अ‍ॅपचा क्रमांक त्यात मिळवला जातो. म्हणून पहिल्या प्रोफाइलमध्ये १०१२३ असलेले अ‍ॅप दहा क्रमांकाच्या प्रोफाइलमध्ये १०१०१२३ होते. इंटरनेटची परवानगी असलेल्या अ‍ॅपची प्रक्रिया सुरू होताना तिला ‘आयनेट’ नावाच्या, ३००३ क्रमांकाच्या गटाचे सदस्यत्व मिळते. जुन्या कर्नलमध्ये अँड्रॉइडने स्वतः घातलेली एक दुरुस्ती या गटाबाहेरच्या प्रक्रियेला इंटरनेटचे सॉकेट, म्हणजे नेटवर्कशी जोडणीचे टोक, उघडूच देत नसे. नंतर ही तपासणी ईबीपीएफ या तंत्रावर गेली: सॉकेट तयार होण्याच्या क्षणी कर्नलमधला एक छोटा प्रोग्राम यूआयडीनुसार लिहिलेल्या तक्त्यात पाहतो आणि परवानगी नसेल तर नकार देतो. गट मात्र नाहीसा झालेला नाही. डोमेन नावाचा (म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा) पत्ता शोधून देणाऱ्या सेवेपर्यंत पोहोचण्याचे स्थानिक सॉकेट आजही त्याच गटासाठी खुले असते. याचा संदर्भ पुढे येणार आहे.

आमचा स्विच या परवानगीला जोडलेला नव्हता. आम्ही तो नेटवर्क धोरण सांभाळणाऱ्या सेवेवर बांधला होता. अँड्रॉइड ७.० मध्ये, २०१६ साली, डेटा सेव्हर आला तो याच सेवेच्या आधारावर. पार्श्वभूमीला असलेल्या अ‍ॅपला मोजून पैसे पडणाऱ्या नेटवर्कवर जाऊ द्यायचे की नाही, हे ती प्रत्येक यूआयडीसाठी लक्षात ठेवते. आम्ही त्या धोरणात ‘सर्वच नाकारा’ असा स्वतःचा एक प्रकार वाढवला, तो पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, गाळणाऱ्या नियमांपर्यंत नेला आणि सेटिंग्जमधला स्विच त्याला जोडला. हा मार्ग निवडण्याचे मुख्य कारण देखभालीचे होते. दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या आणि दर वर्षी बदलणारी मूळ आवृत्ती यांवर आमचे बदल पुन्हा चढवावे लागतात. जितक्या कमी ओळी आपल्या, तितकी चूक होण्याची जागा कमी. परवानगीच्या मुळाशी हात घालण्यापेक्षा तयार सेवेत एक प्रकार वाढवणे फार थोड्या ओळींत होत होते.

शोध

सर्वप्रथम धोरण खरोखर साठवले गेले आहे का, ते पाहिले. ते होते. कर्नलमधल्या तक्त्यात त्या यूआयडीसमोर नकाराची खूण होती. तेच अ‍ॅप चाचणीच्या फोनवर बसवून थेट जोडणी करायला लावली, तेव्हा पॅकेट बाहेर पडले नाही. सेटिंग्ज, सेवा आणि कर्नल या तिन्ही ठिकाणी एकच निर्णय लिहिलेला होता आणि तो पाळलाही जात होता. तरीही अ‍ॅपमध्ये एक दस्तऐवज ‘मिळवा’ म्हटल्यावर राउटरवर लावलेल्या नोंदणीत वाहतूक दिसली आणि सेटिंग्जमधला आकडा वाढला.

उलगडा डेटा वापराच्या सविस्तर नोंदीतून झाला. अँड्रॉइड वाहतुकीची नोंद यूआयडीबरोबरच एका टॅगनुसारही, म्हणजे वाहतूक कोणत्या कामाची ते सांगणाऱ्या खुणेनुसारही, ठेवतो, आणि काही टॅग सिस्टिमच्या स्वतःच्या कामांसाठी राखून ठेवलेले असतात. या अ‍ॅपच्या नावावर पडलेल्या वाहतुकीवर डाउनलोडसाठी राखलेला टॅग होता. म्हणजे अ‍ॅपने सॉकेट उघडलेच नव्हते. त्याने सिस्टिमच्या डाउनलोड मॅनेजरला पत्ता दिला होता, आणि फाइल आणण्याचे काम डाउनलोडची सेवा करत होती, तिच्या स्वतःच्या प्रक्रियेत आणि तिच्या स्वतःच्या यूआयडीने.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा तपशील हाच आहे. डाउनलोडची सेवा प्रामाणिकपणे आपल्या वाहतुकीवर मागणी करणाऱ्या अ‍ॅपचा यूआयडी लावते, कारण खर्च ज्याच्यासाठी झाला त्याच्या नावावर तो मांडला जावा. पण ही खूण हिशेबापुरती असते. पॅकेट गाळणारा नियम सॉकेट कोणाच्या मालकीचे आहे ते पाहतो, आणि मालक ही डाउनलोडची सेवा होती. हिशेबाच्या वहीत एक नाव आणि दारावर दुसरे, असा हा प्रकार होता. त्यामुळेच एकाच पानावर बंद स्विच आणि वाढता आकडा शेजारी शेजारी उभे राहू शकले, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे होते. हिशेब इतका काटेकोर नसता, वाहतूक डाउनलोडच्या सेवेच्याच नावावर पडली असती, तर हा दोष कोणाच्या नजरेलाही आला नसता.

वगळलेला पॅच

अर्थात डाउनलोडची सेवा मागणाऱ्याचा विचार न करता काम करते, असे नाही. फाइल आणण्यापूर्वी ती संबंधित यूआयडीच्या दृष्टीने नेटवर्कची स्थिती काय आहे हे विचारते आणि ते अडवलेले असेल तर थांबते. मात्र या तपासणीला एक अपवाद आहे. डाउनलोड वापरकर्त्याला सूचनेत दिसणारे असेल, तर अडवलेल्या स्थितीकडे दुर्लक्ष करायचे. या अपवादामागचा विचार रास्त आहे: डेटा सेव्हर चालू असताना एखाद्याने स्वतः फाइल मागवली आणि दुसरे अ‍ॅप उघडले, तर ती फाइल अर्ध्यात थांबू नये. पण डाउनलोडची मागणी करताना वेगळे काही सांगितले नाही, तर ते आपोआप ‘दिसणारे’ धरले जाते. म्हणजे अपवाद बहुतेक डाउनलोडना लागू होतो. छोट्या फाइलची सूचना येते आणि क्षणात जाते, म्हणून तक्रारदाराला ती दिसलीही नसावी.

जुन्या आवृत्तीत आमच्याकडे हा अपवाद बंद करणारा एक लहानसा पॅच, म्हणजे मूळ कोडवर चढवायचा बदल, होता. नव्या आवृत्तीवर बदल चढवताना तो लागला नाही, कारण भोवतालच्या ओळींची रचना बदलली होती. मी तो भाग उघडला, यूआयडीनुसार होणारी तपासणी पाहिली आणि आमचे काम आता मूळ कोडच करत आहे असे समजून पॅच वगळला. नोंदीत ‘मूळ कोडमध्ये समाविष्ट’ असे लिहिले. तपासणी खरोखर होती. तिच्या वरच चार ओळींवर असलेला अपवाद मी वाचला नाही. पॅच लागला नाही तेव्हा निदान थांबून पाहण्याची संधी मिळाली होती. त्याहून धोक्याचे पॅच ते असतात, जे विनातक्रार लागतात आणि ज्यांचा अर्थ भोवतालच्या बदलामुळे पालटलेला असतो. असाही एक आम्हाला याच शोधात सापडला.

अँड्रॉइड १२ मध्ये, २०२१ साली, नेटवर्क अडवण्याची कारणे एका एकत्रित संचात मांडली गेली. बॅटरी सेव्हर, निष्क्रिय फोन, डेटा सेव्हर, वापरकर्त्याने पार्श्वभूमीवर घातलेले निर्बंध अशी प्रत्येक कारणाची वेगळी खूण, आणि त्यांना निष्प्रभ करणाऱ्या सवलतींच्या वेगळ्या खुणा. अ‍ॅप समोर उघडे असेल तर डेटा सेव्हर आणि वापरकर्त्याने घातलेले निर्बंध या दोन्ही खुणा अंतिम हिशेबातून काढल्या जातात. शेवटी उरतात ती प्रत्यक्ष अडवणारी कारणे. आमचा ‘सर्वच नाकारा’ हा प्रकार नव्या रचनेत बसवताना आम्ही तो वापरकर्त्याने घातलेल्या निर्बंधाच्या गटात टाकला होता, कारण नावावरून तेच घर त्याचे वाटत होते. परिणामी अ‍ॅप समोर असताना नेटवर्कची स्थिती विचारणाऱ्या कोणालाही ‘अडवलेले नाही’ असे उत्तर मिळत होते. कर्नलमधला नियम वेगळ्या वाटेने लिहिला जात असल्यामुळे पॅकेट तेवढी अडत होती.

अडवणे आणि नाकारणे

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे. अँड्रॉइडच्या नेटवर्क कोडमध्ये ‘अडवलेले’ याचा अर्थ ‘सध्या थांबा’ असा आहे. हा निर्णय सिस्टिम घेते, परिस्थिती पाहून घेते आणि परिस्थिती बदलली की स्वतःच मागे घेते. त्यामुळे त्याला सवलती असणे स्वाभाविक आहे. सवलती नसत्या तर डेटा सेव्हर वापरण्याजोगा राहिला नसता. आमच्या स्विचचा अर्थ ‘नाही’ असा होता. तो निर्णय माणसाने घेतलेला असतो, तो परिस्थितीवर अवलंबून नसतो, आणि तो मागे घेण्याचा अधिकारही त्या माणसालाच असतो. आम्ही दुसऱ्या प्रकारचा निर्णय पहिल्या प्रकारच्या निर्णयासाठी बांधलेल्या घरात ठेवला. त्या घरात पुढे जी जी नवी सवलत येईल ती आमच्या वचनाला छेद देणार आणि दर आवृत्तीत ती शोधून बुजवण्याचे काम आमच्याकडे राहणार, हे मला आधी दिसायला हवे होते. थोड्या ओळींचा बदल म्हणून जो मार्ग निवडला, त्याची देखभाल प्रत्यक्षात न संपणारी होती, कारण पहारा आमच्या ओळींवर नव्हे, तर इतरांनी लिहिलेल्या प्रत्येक अपवादावर ठेवावा लागत होता.

गटात यावर दोन मते पडली. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की वगळलेला पॅच परत घालावा, कारणांचा गट दुरुस्त करावा आणि थांबावे. दोष समजला आहे, दुरुस्ती थोडक्यात होते, आणि परवानगीच्या वर्गात बदल केला तर अ‍ॅप कोसळण्याच्या तक्रारींचा ओघ सुरू होईल. ही भीती निराधार नव्हती. माझे म्हणणे असे होते की निर्णय परवानगीतच असायला हवा, कारण मध्यस्थ सेवा परवानगीच विचारतात. डाउनलोडची सेवा मागणी स्वीकारताना, मागणाऱ्याकडे इंटरनेटची परवानगी आहे की नाही हे मूळ अँड्रॉइडमध्येही तपासते. ती परवानगी काढून घेता आली, तर ही तपासणी आम्हाला एक ओळही न लिहिता मिळते.

अँड्रॉइडवरच आधारलेल्या इतर दोन सिस्टिममध्ये दोन्ही मार्गांची उदाहरणे समोर होती. ग्राफीनओएस नेटवर्कची परवानगी काढून घेता येण्याजोगी करते आणि ती नसताना अ‍ॅपला नेटवर्कच उपलब्ध नसल्याचे दाखवते. लिनिएजओएस अ‍ॅपनुसार वाय-फाय, मोबाईल डेटा आणि व्हीपीएन यांसाठी वेगवेगळे स्विच देते. परवानगी हे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगू शकते. ‘वाय-फायवर चालेल, मोबाईल डेटावर नको’ असे म्हणण्याची भाषा तिच्याकडे नाही, आणि आमच्या वापरकर्त्यांना तीही हवी होती.

डोमेन नावांच्या प्रश्नाने वाद मिटवला. यूआयडीवर चालणारा पॅकेटचा नियम अ‍ॅपचे स्वतःचे सॉकेट अडवतो, पण नावाचा पत्ता अ‍ॅप स्वतः शोधत नाही. ते सिस्टिममधल्या सेवेला विचारते आणि बाहेर जाणारी विचारणा त्या सेवेच्या सॉकेटवरून जाते. आमच्या चाचणीत स्विच बंद असतानाही राउटरवर नावाच्या विचारणा दिसल्या. ज्याला माहिती बाहेर पाठवायचीच आहे, त्याला विचारलेल्या नावाच्या आधीच्या भागात ती लपवून पाठवता येते. त्यामुळे ही गळती किरकोळ म्हणता येत नाही. परवानगी नसलेल्या प्रक्रियेला मात्र आयनेट गटाचे सदस्यत्व मिळत नाही आणि त्या सेवेच्या दारापर्यंत जाताच येत नाही. एकच निर्णय परवानगीत ठेवला की सॉकेट, नावाची विचारणा आणि डाउनलोड या तिन्ही वाटा त्याच्याकडे येऊन थांबतात, हे पाहिल्यावर सहकाऱ्यानेही संमती दिली. मात्र त्याने एक अट घातली, की आधी वगळलेला पॅच परत घालून तातडीची दुरुस्ती लोकांपर्यंत पोहोचवावी आणि मोठा बदल त्यानंतर करावा. ती अट योग्य होती आणि आम्ही तसेच केले.

बदल

इंटरनेटची परवानगी काढून घेता येण्याजोगी करणे सोपे होते; अ‍ॅपना ते सहन होईल असे करण्यात वेळ गेला. ही परवानगी नेहमीच मिळते असे गृहीत धरून अ‍ॅप लिहिलेली असतात. ती नसेल तर नाव शोधताना जावाच्या पातळीवर सुरक्षेचा अपवाद फेकला जातो, आणि तो पकडणारा कोड बहुतेक अ‍ॅपमध्ये नसतो, त्यामुळे अ‍ॅप कोसळते. नेटवर्क नसणे ही स्थिती मात्र प्रत्येक अ‍ॅपला परिचयाची असते. म्हणून वापरकर्त्याने परवानगी काढून घेतली असेल तेव्हा नेटवर्कची स्थिती विचारणाऱ्या अ‍ॅपला ‘जोडणी नाही’ असे उत्तर द्यायचे, नावाच्या शोधाला ‘असे नाव सापडले नाही’ या वळणाची चूक परत करायची, आणि डाउनलोडची मागणी अपवाद न फेकता स्वीकारून ‘नेटवर्कच्या प्रतीक्षेत’ ठेवायची, असे आम्ही ठरवले. ज्या अ‍ॅपने मॅनिफेस्टमध्ये परवानगी मागितलेलीच नाही त्याला पूर्वीचाच अपवाद मिळतो, कारण तिथे चूक अ‍ॅप लिहिणाऱ्याची असते आणि ती त्याला कळली पाहिजे.

रांगेत आधीच असलेल्या डाउनलोडचा प्रश्न चाचणीच्या शेवटी लक्षात आला. परवानगी मागणी स्वीकारताना तपासली जाते, काम सुरू होताना नाही. स्विच बंद करण्यापूर्वी रांगेत लागलेली फाइल त्यामुळे नंतरही आणली जात होती. आता प्रत्यक्ष जोडणीपूर्वी मागणाऱ्याची परवानगी पुन्हा पाहिली जाते, आणि परवानगी जाताच चालू डाउनलोडही थांबवले जाते.

सदस्यत्वाचे गट प्रक्रिया सुरू होतानाच ठरतात आणि नंतर बदलत नाहीत. त्यामुळे गटांशी जोडलेली परवानगी बदलली की सिस्टिम त्या अ‍ॅपची प्रक्रिया संपवते, मग परवानगी दिलेली असो वा काढलेली. स्विच चालू केल्यावरही अ‍ॅप एकदा बंद होते, हे वापरकर्त्यांना खटकले, पण त्याला पर्याय नाही. किंबहुना बंद करताना तेच हवे असते: सॉकेटच्या जन्मक्षणी होणारी तपासणी आधीच उघडलेल्या सॉकेटला काही करत नाही, प्रक्रिया संपल्यानेच ते मिटते. याच कारणासाठी पॅकेटचा जुना नियमही आम्ही काढला नाही. परवानगी हा निर्णय, आणि प्रत्येक पॅकेटला लागू होणारा नियम हा त्या निर्णयावरून लिहिला जाणारा दुसरा अडसर, अशी आता मांडणी आहे. ‘वाय-फायवर चालेल, मोबाईल डेटावर नको’ हे सूक्ष्म पर्यायही त्या दुसऱ्या थरातच राहिले. दोघांत मतभेद झाला तर परवानगीचे म्हणणे ऐकायचे.

जुन्या निवडी नव्या रचनेत आणण्याचे काम पहिल्या बूटच्या वेळी, अ‍ॅप सुरू होण्याआधी होते. जुने धोरण यूआयडीनुसार लिहिलेले होते, म्हणून प्रत्येक प्रोफाइलमध्ये त्या यूआयडीखालची अ‍ॅप शोधून त्यांची परवानगी काढली जाते, आणि ती काढल्याची खात्री झाल्यावरच जुनी नोंद पुसली जाते. स्थलांतर मध्येच तुटले तर जुना नियम तसाच जागेवर असतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी वाट उघडी पडत नाही. एकच यूआयडी वाटून घेणाऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत परवानगीही सामाईक असते. अशी रचना एपीआय पातळी २९, म्हणजे अँड्रॉइड १०, पासून निरुपयोगी ठरवलेली असली तरी जुनी अ‍ॅप शिल्लक आहेत, म्हणून अशा अ‍ॅपच्या पानावर आणखी कोणत्या अ‍ॅपचे नेटवर्क याच स्विचने बंद होईल, त्यांची नावे आम्ही दाखवतो.

पडताळणी

अँड्रॉइडच्या सुसंगती चाचण्यांमध्ये मूळ परवानग्यांचे वर्ग बदललेले नाहीत ना, हे पाहणारी एक चाचणी आहे. आमच्या बदलानंतर ती नापास होते, आणि ती नापासच व्हायला हवी. तो अपेक्षित फरक म्हणून कारणासह नोंदवलेला आहे.

स्वतःच्या चाचण्यांची दिशा आम्ही बदलली. पूर्वी ‘नियम लिहिला गेला का’ हे तपासत होतो. तक्रारीच्या दिवशी त्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. आता चाचणीचे एक छोटे अ‍ॅप बाहेर पडण्याचा प्रयत्न करते: जावामधून, थेट सी भाषेतील सॉकेटमधून, नावाच्या विचारणेतून, अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या वेबव्ह्यूमधून, मीडिया प्लेअरला दूरचा पत्ता देऊन, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या डाउनलोडमधून. निकाल फोनला विचारला जात नाही. फोनच्या पलीकडे, राउटरच्या जागी बसलेल्या यंत्रावर एकही पॅकेट दिसले नाही, तरच चाचणी उत्तीर्ण धरली जाते. वगळलेल्या पॅचसाठीही नियम केला: ‘मूळ कोडमध्ये समाविष्ट’ असे लिहायचे असेल, तर तो पॅच ज्या वर्तनासाठी होता त्याची चाचणी पॅचशिवाय उत्तीर्ण झाल्याचे दाखवावे लागते.

एक परिणाम आम्ही स्वीकारला आहे. परवानगी गेली की अ‍ॅपला फोनच्या आतल्या आतही स्वतःशी जोडणी करता येत नाही. स्वतःमध्येच एक छोटा सर्व्हर चालवून त्याची पाने दाखवणारी काही अ‍ॅप त्यामुळे चालत नाहीत. त्यांना सूट द्यावी अशी मागणी आली होती. पण दुसरे अ‍ॅप त्याच आतल्या वाटेने पहिल्याच्या वतीने बाहेर जाऊ शकते, म्हणून सूट दिली नाही.

काही वाटा स्विचच्या आवाक्याबाहेरच राहतात. अ‍ॅप एखादा पत्ता ब्राउझरकडे सोपवू शकते, आणि त्या पत्त्यातच माहिती असू शकते. हे वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर घडते, पण घडते. एकाच प्रोफाइलमधली दोन अ‍ॅप परस्परांच्या संमतीने माहितीची देवाणघेवाण करू शकतात आणि त्यांपैकी एकाला नेटवर्क असू शकते. पुश सूचना दुसऱ्या अ‍ॅपच्या जोडणीवरून येत असेल, तर ती या अ‍ॅपपर्यंत पोहोचू शकते. स्विचखाली पूर्वी ‘हे अ‍ॅप नेटवर्क वापरू शकणार नाही’ असे एकच वाक्य होते. आता तिथे लिहिले आहे: ‘हे अ‍ॅप स्वतः किंवा सिस्टिमच्या सेवांमार्फत नेटवर्क वापरू शकणार नाही. त्याने इतर अ‍ॅपकडे दिलेली माहिती ती अ‍ॅप पाठवू शकतात.’ लहान पडद्यावर हा मजकूर चार ओळी घेतो. तो लहान करण्याच्या सूचना दोनदा आल्या. दोन्ही वेळा दुसरे वाक्य गाळण्याचा प्रस्ताव होता, आणि दोन्ही वेळा आम्ही ते ठेवले.